झेंडेकाकांचा हंगाम

झेंडेकाका सरळ चालत नसत. भिवपुरी स्टेशनापासून वीजकेंद्राच्या क्वार्टर्सपर्यंतचा रस्ता ते आडवे चालत यायचे. म्हणजे तोंड आणि छाती भातशेतांकडे, आणि पाय मात्र घराच्या दिशेने, एकाशेजारी एक पडणारे. नवीन माणूस थांबून बघत राहायचा. या गृहस्थांच्या कमरेत उसण भरली आहे की आणखी काही बिघडलं आहे, हे त्याला कळायचं नाही. जुन्या लोकांना सवय झाली होती. "काकांची प्रॅक्टिस चाललीय," एवढंच सांगून ते आपल्या कामाला लागत.

त्यांचं आडनाव झेंडे नव्हतं, जाधव होतं. वीजकेंद्रात ते ऑपरेटर होते आणि सुट्टीच्या दिवशी कर्जत, खोपोली, पनवेल अशा मैदानांवर फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. मधला शिट्टीवाला पंच नव्हे. मैदानाच्या कडेच्या रेघेवरून झेंडा घेऊन धावणारे जे दोन पंच असतात, त्यांतले एक. पँटच्या मागच्या खिशातून त्या पिवळ्या झेंड्याची मूठ कायम बाहेर डोकावायची, अगदी लग्नालासुद्धा. त्यामुळे झेंडेकाका हे नाव पडलं आणि ते इतकं पक्कं झालं की घरी पाहुणे यायचे ते जाधवांचं घर कोणाला माहीत नसल्याची तक्रार करतच. शिट्टी का घेत नाही असं कोणी विचारलं की म्हणायचे, "शिट्टीवाल्याला अख्खं मैदान बघायला लागतं. मला एक रेघ पुरते."

आमचं क्वार्टर त्यांच्या शेजारचं. मी लहानपणापासून त्यांना बघत आले, पण हा माणूस नक्की करतो काय ते मला विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. एकदा मी सरळ विचारलं, "काका, ऑफसाइड म्हणजे काय हो?" संध्याकाळची वेळ होती. समोरच्या बांधावरून म्हशी परतत होत्या. काका मला बांधाजवळ घेऊन गेले. "ती शेवटची म्हैस सोड. ती गोलकीपर. तिच्या पुढं कोन हाय? ती शिंगमोडी. आता मी कायम त्या शिंगमोडीच्या रेषेत राहनार. ती हलली की मी हललो. ती थांबली की मी थांबलो. चेंडू मारला त्या वक्ताला समोरच्या टीममधला कोन तिच्या मागं गेलेला दिसला, की झेंडा वर." आणि खरोखर ते झेंडा हातात धरून, आडवे पळत, त्या शिंगमोड्या म्हशीच्या बरोबरीने वस्तीपर्यंत गेले. म्हशीने मान वळवूनही बघितलं नाही. तिलाही सवय असावी. परत आल्यावर धापा टाकत म्हणाले, "सगळी दुनिया पयल्याकडं बघते, नायतर शेवटच्याकडं. आपन शेवटून दुसऱ्याकडं बघायचं."

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती: 'वाटतं'. शालनकाकू म्हणाल्या की मला वाटतं दूध नासलंय, की हे लगेच, "वाटतं नको. नासलंय का नाय नासलं?" काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. एकदा क्वार्टर्सच्या मागच्या वाफ्यातली कोथिंबीर कोणाच्या तरी बकरीने खाल्ली आणि दोन घरांत भांडण पेटलं. दोघांनीही काकांना साक्षीदार म्हणून बोलावलं, कारण ते त्या वेळी अंगणात होते. क्वार्टर्सची सगळी चाळ गोळा झाली. काका म्हणाले, "शेपटी दिसली. तोंड नाय दिसलं." बस. पुढे एक अक्षर नाही. दोन्ही घरं त्यांच्यावर महिनाभर रुसली आणि काका महिनाभर दोन्ही घरांना वाटेत गाठून जय भीम करत राहिले.

काकांची रेघेवरची वीस वर्षं अशी गेली. तालुका, जिल्हा, मग राज्य. आणि बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे पंचाच्या हिशेबाने निघायची वेळ झाल्यावर, काकांना पत्र आलं. देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या एका हंगामासाठी सहायक पंचांच्या यादीत त्यांचं नाव होतं. हा हंगाम चांगला गेला तर पुढचा मिळणार, नाही तर वय झालं म्हणून घरी. काकांनी ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठले आणि बांधावर पळायला गेले.

त्या हंगामात माझी आणि त्यांची खरी गट्टी जमली. मी तेव्हा कर्जतच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून मी 'मास्तरीन'. प्रत्येक सामन्यानंतर पंचांनी आपापला अहवाल इंग्रजीत मेलने पाठवायचा असा नियम होता. काकांचं इंग्रजी यथातथाच. ते ओट्यावर बसून सांगायचे, मी टाइप करायची. आणखी एक भानगड होती. या लीगमध्ये पंचांच्या कानात यंत्र असायचं आणि तोंडाशी माइक. तिघांनी धावता धावता एकमेकांशी बोलायचं. काकांनी आयुष्यभर बोलण्याचं काम झेंड्याकडून करून घेतलेलं. "झेंड्याला भाषा नसती गं," ते कुरकुरत, "कुटल्याबी मुलखात उचल, कळतोय." मग मी त्यांना शब्दांची यादी करून दिली, देवनागरीत, ठळक अक्षरात: गोल, नो गोल, कॉर्नर, थ्रो ब्लू, थ्रो रेड, येस, नो. ती काकूंनी कपाटाच्या दारावर चिकटवली. मी स्वयंपाकघरात आणि काका अंगणात असे आम्ही मोबाइलवरून सराव करायचो. मी ओरडायची, "बॉल आत गेला!" की त्यांनी म्हणायचं, "गोल, गोल, येस." दहातून आठ वेळा बरोबर यायचं. दोनदा काका भलतंच काही बोलायचे आणि स्वतःच हसायचे.

सामने टीव्हीवर लागायचे. काकांच्या घरी चाळ लोटायची. चौक गावाहून इस्माईलभाई यायचे. तिथे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर त्यांचं गॅरेज. तरुणपणी हे दोघं एकाच संघात होते आणि इस्माईलभाई गोलकीपर. आता गंमत अशी की टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. कडेचा पंच कधी दिसणार? त्याने झेंडा वर केला की. म्हणून आमची सगळी चाळ ऑफसाइडची वाट बघत बसायची. कोणता संघ जिंकतोय याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. एखादा खेळाडू पुढे घुसला की बायका म्हणायच्या, "जा रं, अजून पुढं जा." झेंडा वर झाला की टाळ्या. काकू मात्र टाळ्या वाजवत नसत. पदराने टीव्हीची काच पुसायच्या आणि म्हणायच्या, "वाळलेत गं."

काका परत आले की मी विचारायची, कोण जिंकलं? त्यांना सांगता यायचं नाही. म्हणजे आकडा माहीत असायचा, पण सामना म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे काही नसायचं. केरळला जाऊन आले तरी "उजवीकडची रेघ, गवत ओलं, बारा नंबर सारका घुसायचा" एवढंच. कोलकात्याचं भलंमोठं मैदान कसं होतं, तर "रेघ चांगली मारलीवती." मला वाटायचं, हा माणूस देश फिरून आला आणि याने काही बघितलंच नाही. पुढे कळलं की त्यांनी जेवढं बघितलं ते आमच्यातल्या कोणी बघितलं नसतं.

हंगामाचा शेवटचा सामना गोव्याला होता. निळ्या शर्टांचा एक संघ तळाला होता. जिंकला तर लीगमध्ये राहणार, नाही तर खालच्या लीगमध्ये उतरणार. आम्ही सगळे टीव्हीपुढे. दहाएक मिनिटं उरली असतील आणि गोलफलक कोरा. निळ्या संघाचा नऊ नंबर, डोंगरातल्या कुठल्याशा राज्यातला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, उंच आलेल्या चेंडूवर त्याने पाय टाकला. चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर उडाला, तो किपरने धरला. लगेच शिट्टी. आम्हाला वाटलं गोल. पण रेफरीने गोल दिला नाही. नऊ नंबरचा पाय धोकादायक उंचीवर गेला म्हणून उलट त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं. समालोचकही म्हणाले, हो, पाय जरा उंच होता. सामना बरोबरीत सुटला. निळा संघ खाली उतरला. तो नऊ नंबर मैदानात गुडघ्यांवर बसून राहिला आणि त्याला उठवायला बराच वेळ कोणी गेलं नाही.

इस्माईलभाई टीव्ही बंद झाल्यावरही बसून होते. मला म्हणाले, "बॉल आत होता, बेटा. मी बॉल नाय बघितला. किपरचं तोंड बघितलं. गोल खाल्ल्यावर तोंड असंच होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्टेशनावरून आले ते सरळ चालत आले. पुढे बघून, तुमच्या-माझ्यासारखे. आमच्या आईने ओट्यावरून बघितलं आणि हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "यांना काहीतरी झालंय," ती म्हणाली.

दोन दिवस काका अहवाल सांगायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले. काका कपाटाच्या दारावरची ती यादी बघत बसले होते.

"मास्तरीन, मला दिसलं गं," ते म्हणाले. "चेंडू एवढा आत होता. मी रेघेवरच होतो. मी माइकमधी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

काका यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हाय, हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. आत हाय, गोल हाय. ऐन वेळी काकांच्या तोंडातून माझी यादी गेली पळून आणि आईची भाषा आली. शिट्टीवाला रेफरी कुठल्या तरी लांबच्या राज्यातला. त्याच्या कानात 'हाय' पडलं ते इंग्रजी 'हाय', उंच. नऊ नंबरचा पाय वर गेलेला त्याने अर्धवट बघितला होताच. त्याला वाटलं, कडेचा पंच सांगतोय की पाय उंच होता. त्याने शिट्टी मारली.

"आनि झेंडा?" मी विचारलं. मीसुद्धा नकळत त्यांच्यासारखं बोलत होते.

"उचलला होता. हितपर्यंत." त्यांनी हात छातीशी आणला. "तेवड्यात शिट्टी वाजली. म्हनलं, त्याला माझ्या अगोदर काय तरी दिसलं असंल. मोटा रेफरी हाय तो. झेंडा खाली घेतला. आत गेल्यावर तो मला म्हनतो, थँक यू, तू हाय बोललास म्हनून वाचलो." काकांनी हात छातीपासून डोक्यावर नेला. "पुरा उचलला असता तर त्याला यायला लागलं असतं माझ्याकडं. विचारायला लागलं असतं."

मी हसू की रडू अशा अवस्थेत होते. यादी माझी होती. सराव मी घेतला होता. अंगणातल्या त्या दोन चुकांना आम्ही दोघं खो खो हसलो होतो.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, टीव्हीवर नीट दिसलेलं नाही. रेफरी स्वतःहून बोलणार नाही. तुमचा अर्धा झेंडा कॅमेऱ्यात आलेलाच नाही. आता निकाल बदलत नाही. हे लिहिलंत तर पुढचा हंगाम गेला समजा. कशाला लिहायचं?"

"निकाल नाय बदलनार," काका म्हणाले. "पन त्या पोराला वाटतंय, त्याचा पाय चुकला."

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्या क्षणाच्या चित्रफितीखाली लोकांनी नऊ नंबरला काय काय लिहिलं होतं. तुझ्या पायाने संघ बुडवला. घरी जा, शेती कर. त्याच्या गावची माणसंही असावीत त्यात. काकांना इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, पण त्यांनी पुतण्याकडून एकेक वाचून घेतलं होतं, दोन दिवस तेच केलं होतं.

मी टाइप करायला बसले. आणि कबूल करते, मी लबाडी केली. काका सांगत होते एक आणि मी लिहिलं की, चेंडूने रेषा ओलांडली असावी असं वाटतं, परंतु खात्रीने सांगता येत नाही. म्हटलं, सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. काका म्हणाले, "आता मराठीत वाचून दाखव." मी वाचून दाखवलं, 'वाटतं' गाळून. काकांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं माणसांच्या पायांकडे बघणारे डोळे. त्यांना माझी खाली गेलेली मान दिसणार नाही असं थोडंच होतं?

"शेपटी नाय गं," ते शांतपणे म्हणाले. "तोंड दिसलं मला."

मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. चेंडू रेषेच्या पूर्ण आत होता. मला दिसला. मी माझ्या बोलीत सांगितलं, ते चुकीचं ऐकलं गेलं. मी झेंडा पूर्ण उचलला नाही, ही माझी चूक. नऊ क्रमांकाच्या खेळाडूची नाही. काकांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं. मला त्यांचा त्या दिवशी खूप राग आला होता. आपल्या माणसाने आपल्या हाताने आपला घास बाजूला सारावा आणि आपण तो टाइप करून द्यावा, याचा राग.

त्यांनी आणखी एक पत्र लिहायला लावलं, नऊ नंबरला, त्याच्या संघाच्या पत्त्यावर. चार ओळींचं. खाली माझा मोबाइल नंबर, कारण हिंदी-इंग्रजी मी बोलणार.

तीन महिन्यांनी पुढच्या हंगामाची यादी आली. काकांचं नाव नव्हतं. वयामुळे की अहवालामुळे, ते कोणी सांगितलं नाही, काकांनी विचारलंही नाही. मला फक्त म्हणाले, "जरा मोटं करून बग." मी अक्षरं मोठी केली. "खालून बग." मी खालून वर वाचत गेले. मग काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि संध्याकाळी खोपोलीला शाळांच्या सामन्यांना झेंडा घेऊन गेले. जाताना आडवे चालत गेले. मला केवढं हायसं वाटलं, सांगता येत नाही.

काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. शोकसभेला कर्जतपासून पनवेलपर्यंतचे खेळाडू आले होते. काकांनी ज्यांना ऑफसाइड दिलं, असे शंभरेक लोक एका मांडवात. मला बोलायला उभं केलं, पण रडू आवरेना, दोन वाक्यांत बसले. तिथे जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

काकांचं नाव नसलेली ती यादी आली त्यानंतरच्या हिवाळ्यात मला एक फोन आला. मोडकी हिंदी. नऊ नंबर. त्यांचा संघ खालच्या लीगमध्ये खेळत होता आणि रविवारी बसने मुंबईहून पुण्याला निघणार होता. प्रशिक्षकांना विनंती करून त्याने बस जुन्या महामार्गाने घ्यायला लावली होती. चौकला चहाला पंधरा मिनिटं थांबणार होते. काका येऊ शकतील का?

काकूंनी तांदळाचे पापड बांधून दिले. "लांबून येतंय पोर, हात हलवत जाऊ नका." मी आणि काका मोटारसायकलवरून तासभर आधीच इस्माईलभाईंच्या गॅरेजात जाऊन बसलो. दोन चहा झाले. बस आली, मुलं ढाब्याकडे पांगली आणि एक बुटका, गोरा, रुंद खांद्यांचा मुलगा रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. त्याच्या हातात ते पत्र होतं. घड्यांवर फाटलेलं.

त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, कितना अंदर था?"

काकांनी दोन्ही हात पुढे करून अंतर दाखवलं. वीतभर असेल. मुलगा त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेरे को भी ऐसा ही लगा था. बाद में नहीं लगता था."

"मेरी गलती," काका म्हणाले. "झंडा पूरा उठाना था."

मुलाने मान हलवली आणि खिशातून फोन काढला. "सर, एक काम करेंगे? मेरी माँ को बोलेंगे? उसको गाँव में सब लोग बोलता है. मैं बोलता हूँ तो वो समझती है, बेटा है, इसलिए बोलता है." त्याने फोन लावला, त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि फोन काकांच्या हातात दिला.

काका उठून उभे राहिले. टोपी काढली. "माताजी," ते म्हणाले, "मैं पंच. गोल था." थांबले. मग पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, "गोल था. लडके का पाँव बराबर था. मैंने देखा."

पलीकडून ती बाई बोलायला लागली. हिंदी नव्हती ती. फोनबाहेर ऐकू येत होतं, भरभर, मध्येच हुंदका, पुन्हा भरभर. पलीकडे बसने हॉर्न दिला. प्रशिक्षक दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते. मुलगा ओशाळला, फोन घ्यायला त्याने हात पुढे केला. काकांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला. ते "जी, जी" म्हणत फोन कानाशी तसाच धरून उभे होते, डोळे भरलेले.

"काका, कळतंय का काही?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नाय कळत," ते फोनच्या माइकवर हात ठेवून म्हणाले, "पन बोलू दे गं तिला."